ठिबक आहे, तरी टोमॅटो तडकतात? पाणी देताना या चुका टाळा

पाटाने पाणी द्यायचो तेव्हा सरी भरलेली डोळ्यांना दिसायची. ठिबकात, त्यातून वर मल्चिंग (प्लॅस्टिकचं आच्छादन) असलं की, किती पाणी गेलं हे कळतच नाही. मग लाइट आहे तोवर मोटर चालू. सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

एकदा हिशेब मांडून बघा. बेडचं (गादीवाफ्यांचं) अंतर ५ फूट, नळीवर दर ४० सेंटिमीटरला ताशी ४ लिटर पाणी ठिबकवणारा ड्रीपर. एकरात सुमारे ६,६५० ड्रीपर बसतात, म्हणजे तासाला जवळपास २७ हजार लिटर. दिवसाचं बाष्पीभवन ६ मिलिमीटर धरलं, तर भर फुलाफळांतल्या टोमॅटोला ४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एकराला सुमारे १६ हजार लिटर पाणी लागतं. एवढं पाणी ३५-४० मिनिटांत जातं. लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या निम्म्यात भागतं. चार तास चालवलं की सहापट पाणी गेलं, आणि सोबत विद्राव्य खतातलं नत्रही मुळांखाली गेलं.

भारी काळ्या जमिनीत एक दिवसाआड पाणी चालतं. मुरमाड जमिनीत तेवढीच मिनिटं सकाळ-दुपार विभागून द्या. घड्याळापेक्षा वाफसा (मातीतला नेमका ओलावा) खरा. मल्चिंगच्या छिद्रातून दोन ड्रीपरच्या मधली, वीतभर खोलची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. तळहात ओला, चिकट झाला तर पाणी जास्त झालंय. गोळाच होत नसेल तर मोटर सुरू करा.

दुपारी झाडं माना टाकतात म्हणून लगेच पाणी सोडू नका. माती ओली असूनही झाड सुकत असेल, तर मुळांना हवा मिळत नसेल किंवा मर रोग लागला असेल. दोन्हींत जादा पाणी घातकच. फळाच्या बुडाला काळा, दबलेला चट्टा पडला की बुरशीनाशकाची फवारणी होते, ती बहुतेक वेळा वाया जाते. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतं. तीन दिवस कोरडं आणि चौथ्या दिवशी चिंब, असं चाललं की आधी हा चट्टा येतो, मग फळं तडकतात.

एका बेडचं झाड जोमदार, दुसऱ्याचं खुरटं दिसतंय? बियाण्याला दोष देण्याआधी ड्रीपर मोजा. नळीच्या सुरुवातीला, मधे आणि टोकाला ड्रीपरखाली डबा ठेवा. ६ मिनिटांत ४०० मिली जमायला हवं. टोकाला ३०० भरलं, तर नळी लांब झालीय, दाब कमी पडतोय किंवा ड्रीपर चोंदलेत. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाब दाखवणाऱ्या गेजमधला फरक अर्ध्या किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) गेला की फिल्टर धुवायचा. बोअरच्या वाळूसाठी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा फिल्टर) लागतो. शेततळ्यातल्या शेवाळाला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही, सँड फिल्टर हवाच. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून गढूळ पाणी जाऊ द्या. फुकटचं काम आहे, तरी हेच राहून जातं.

खत सोडताना आधी १० मिनिटं साधं पाणी, मग व्हेंचुरीतून (पाण्याच्या प्रवाहाने खत ओढून घेणाऱ्या नळीतून) खत, शेवटी पुन्हा १० मिनिटं साधं पाणी. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:०० हे स्फुरदाचं विद्राव्य खत एका बादलीत कालवू नका. पांढरा साका धरतो आणि तोच ड्रीपरमध्ये बसतो.

क्षारांनी चोंदलेल्या नळ्यांना अ‍ॅसिड द्यायचं, तर पाण्याचा सामू (पीएच) ४ वर आणून २४ तास नळ्या भरलेल्या ठेवा. दुसऱ्या दिवशी टोकं उघडून धुवा. हातमोजे आणि चष्मा घालून पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडर द्यायची असेल तर ती वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आली की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो.