वधू-वर पुस्तिकेची पाने स्क्रिप्टकडून लावून घेताना

ठाण्यात नौपाड्यापासून वागळे इस्टेटपर्यंत पानमांडणीची जी छोटी-मोठी कामे चालतात, त्यांत ज्ञातिसंस्थांच्या वधू-वर परिचय पुस्तिकेचे काम सर्वांत कंटाळवाणे असते. समजा, चारशे स्थळे आहेत. प्रत्येकाचा फोटो, नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, रास, उंची, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा एवढा मजकूर हाताने लावायला दर स्थळी चार मिनिटे धरली, तरी सव्वीस तासांहून अधिक वेळ जातो. मेळाव्याची तारीख ठरलेली असते आणि अर्ज मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत येत राहतात, त्यामुळे लावलेली पाने पुन्हा मोडावी लागतात ती वेगळीच. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये या कामाचा मोठा भाग यंत्राकडे कसा सोपवायचा, ते याच पुस्तिकेच्या उदाहरणाने पाहू.

सुरुवात स्क्रिप्टपासून, म्हणजे इनडिझाइनला कामाच्या पायऱ्या सांगणाऱ्या छोट्या आज्ञावलीपासून, करू नये. आधी एका पानावर चार स्थळे हाताने, पूर्ण मनासारखी लावावीत आणि त्यातील प्रत्येक निर्णयाला शैलीचे (एकदा ठरवून साठवलेल्या रूपाचे) नाव द्यावे. नावाची ओळ, तपशिलाच्या ओळी आणि अपेक्षांचा परिच्छेद यांच्या तीन परिच्छेदशैली करून फोटोच्या चौकटीसाठी ऑब्जेक्ट स्टाइल करावी. त्या स्टाइलमध्ये फोटो चौकटीत प्रमाणबद्ध भरण्याची सूचना घातली, की लहानमोठे फोटो एकाच मापात बसतात. परिच्छेदशैलीच्या ‘जस्टिफिकेशन’ भागात ‘अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडलेला असलाच पाहिजे, नाहीतर पहिली वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटी होतात. स्क्रिप्ट प्रत्येक शैलीला तिच्या नावाने ओळखते. शैली न लावता, केवळ डोळ्यांना बरे दिसावे म्हणून हाताने ठळक केलेले नाव आणि साधा मजकूर यांच्यामागचा हेतू तिला कळत नाही. आमच्याकडे आलेल्या अनेक जुन्या फायलींमध्ये ‘परिच्छेद शैली १ कॉपी कॉपी’ अशी नावे सापडतात. अशा फाइलवर स्क्रिप्ट चालवण्यापेक्षा ती नव्याने बांधणे स्वस्त पडते.

मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत मिळण्याआधीच्या) फाँटमध्ये असेल तर आणखी एक पायरी आधी येते. त्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली, तरी फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागा साठवलेल्या असतात, त्यामुळे पुढील एकही नियम त्यावर लागू होत नाही. मजकूर प्रथम परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि रफार, रकार व ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ ही अक्षरे स्वतः तपासावीत. शेवटच्या दोघांची गंमत अशी, की ‘कऱ्हाडे’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलंत जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. छापील पानावर दोन्ही बहुधा सारखेच दिसतात, शोधताना मात्र निम्मेच सापडतात. सर्व मजकूर आरंभीच एका प्रकारात आणून ठेवावा.

यानंतर माहितीचा तक्ता. एक्सेलमध्ये प्रत्येक स्थळासाठी एक ओळ आणि प्रत्येक बाबीसाठी एक स्तंभ ठेवावा. तारखा आणि भ्रमणध्वनी क्रमांकांचे रकाने भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ प्रकारात बदलावेत, कारण इंग्रजी अंकांत भरलेल्या तारखेचे रूप एक्सेल परस्पर बदलते आणि क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य गिळते. फोटोच्या स्तंभाच्या मथळ्याच्या सुरुवातीला ‘@’ हे चिन्ह लागते. एक्सेल त्याला सूत्र समजून अडते, म्हणून त्याच्याही आधी एकेरी अवतरणचिन्ह टंकावे. त्या स्तंभात फोटोच्या फायलींची नावे भरावीत आणि फोटो तक्त्याच्याच फोल्डरमध्ये ठेवावेत. तक्ता नेहमीच्या स्वल्पविरामी (सीएसव्ही) प्रकारात साठवला, तर विंडोजवर सगळी देवनागरी प्रश्नचिन्हे होऊन बसते. त्याऐवजी ‘युनिकोड टेक्स्ट’ हा प्रकार निवडावा.

इनडिझाइनमध्ये ‘विंडो’ मेनूतील ‘युटिलिटीज’खाली ‘डेटा मर्ज’ हे तक्त्यातील माहिती पानावर भरणारे पॅनेल मिळते. स्रोत निवडताना ‘शो इम्पोर्ट ऑप्शन्स’वर खूण करून विभाजक म्हणून टॅब आणि संकेतन म्हणून युनिकोड आहे याची खात्री करावी. दस्तऐवज एकाच पानाचा असावा आणि त्यावर हाताने लावलेल्या चारांपैकी एकाच स्थळाची चौकट ठेवावी, कारण एका पानावर अनेक नोंदी बसवण्याची सोय एकाहून अधिक पाने असली की मिळत नाही. स्तंभांची नावे चौकटीत आपापल्या जागी ठेवून ‘मल्टिपल रेकॉर्ड्स’ निवडले आणि समास व मधले अंतर भरले, की चारशे स्थळांची शंभर पाने नव्या दस्तऐवजात तयार होतात. रिकाम्या रकान्यांच्या ओळी काढून टाकण्याचा पर्याय याच खिडकीत आहे. रास-नक्षत्र न देणाऱ्यांची संख्या पाहता तो विसरू नये. मात्र तयार झालेल्या पानांवर दुरुस्त्या करण्याचा मोह टाळावा. उशिरा आलेल्या अर्जामुळे पुन्हा मर्ज करावे लागले, तर पानावरील दुरुस्त्या जातात. म्हणून तारखेतील चूक असो वा नावातील, ती एक्सेलमध्येच सुधारावी.

आता मजकुराची सफाई. अर्ज वेगवेगळ्या हातांनी भरलेले असल्याने विरामचिन्हांची तऱ्हा प्रत्येकाची निराळी असते. ‘फाइंड/चेंज’ खिडकीतील ‘ग्रेप’ या टॅबमध्ये, म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याच्या सोयीत, पुढील नियम देता येतात. विरामचिन्हाआधीची नको असलेली जागा शोधणारा नियम असा:

[ ]+(?=[,;?!])

याच्या बदली काहीच लिहायचे नाही. मराठीसाठी याहून उपयोगी नियम विसर्गाचा आहे, कारण ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शुल्क’ यांत विसर्गाच्या जागी सर्रास अपूर्णविराम टंकलेला असतो:

:(?=[क-ह])

ज्या अपूर्णविरामाला लागूनच व्यंजन येते, तो यात सापडतो आणि त्याजागी ‘ः’ घालता येतो. ‘१०:३०’ या वेळेला धक्का लागत नाही, कारण पुढे अंक आहे. पण ‘वेळ:सकाळी’ असे जागा न सोडता कोणी लिहिले असेल, तर त्याचे ‘वेळःसकाळी’ होते. एका पुस्तिकेत आम्ही ‘चेंज ऑल’ दाबून मोकळे झालो आणि ही करामत मुद्रितशोधनात उघड झाली, तेव्हापासून हा नियम एकेक जागा पाहूनच चालवतो. अंक आणि त्याचे एकक ओळीच्या शेवटी तुटू नये यासाठी तिसरा नियम:

(?<=[०-९])[ ]+(?=वर्षे|फूट|इंच)

बदलाच्या रकान्यात शेजारच्या मेनूतून न तुटणारी जागा निवडावी.

असे दहा-पंधरा नियम झाले, की ते दर वेळी हाताने देणे हेही पुन्हा तेच काम होते. इनडिझाइनसोबत येणाऱ्या नमुना स्क्रिप्टांमध्ये ‘फाइंडचेंजबायलिस्ट’ नावाची एक आहे. ती एका साध्या मजकूर-फाइलमधून एका ओळीत एक याप्रमाणे नियम वाचते आणि वरून खाली क्रमाने चालवते. रकाने टॅबने वेगळे केलेले असतात. देवनागरी नियमांसाठी फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी. क्रमाला महत्त्व आहे: इंग्रजी अंक देवनागरी करण्याचे दहा नियम एककाच्या नियमाआधी नसतील, तर तो निम्म्या ठिकाणी लागणारच नाही. विसर्गाचा नियम या यादीत घालू नये.

स्वतःची स्क्रिप्ट जेएसएक्स फाइल म्हणून ‘स्क्रिप्ट्स’ पॅनेलमधील ‘युजर’ फोल्डरमध्ये ठेवली, की दोनदा क्लिक करून चालते. ही भाषा जावास्क्रिप्टच्या १९९९ साली ठरलेल्या रूपावर आधारलेली आहे, त्यामुळे इंटरनेटवरून किंवा एआयकडून घेतलेला आधुनिक धाटणीचा कोड पहिल्याच ओळीत अडतो. इनडिझाइन २०२३ पासून नव्या धाटणीच्या स्क्रिप्टांची वेगळी सोय आली आहे, पण उपलब्ध असलेला बहुतेक साठा अजून जुन्याच पद्धतीचा आहे. पहिली स्क्रिप्ट काहीही न बदलणारी, केवळ तपासणारी लिहावी. प्रत्येक मजकूरचौकट ओसंडते आहे का, हे पाहून तिचा पान क्रमांक यादीत जोडायचा आणि शेवटी ती यादी दाखवायची, एवढे काम सातआठ ओळींत होते. लांबलचक अपेक्षा लिहिणारे सर्व उमेदवार त्यात सापडतात. पुढे बदल करणाऱ्या स्क्रिप्ट लिहिताना शोधाच्या आधीच्या अटी आरंभी पुसाव्यात, नाहीतर मागच्या शोधातील ‘फक्त ठळक अक्षरे’ ही अट तशीच चिकटून राहते आणि स्क्रिप्ट चुकली असे वाटत राहते. तसेच संपूर्ण स्क्रिप्ट एकाच ‘अनडू’ने मागे घेता येईल अशा प्रकारे चालवावी.

प्लगइनची, म्हणजे इनडिझाइनला वेगळ्याने जोडायच्या पूरक सॉफ्टवेअरची, गरज यानंतर लागते. ‘ईझीकॅटलॉग’सारखे प्लगइन पानावरील मजकूर आणि तक्ता यांचा दुवा कायम ठेवते, म्हणजे तक्त्यातील बदल लावलेल्या पानावर उतरवता येतो, ज्यांच्याकडे दरमहा किमती बदलणारे कॅटलॉग आहेत, त्यांना ते परवडते. वर्षातून एकदा निघणाऱ्या पुस्तिकेसाठी डेटा मर्ज पुरेसे आहे. शिवाय यंत्रभाषेत बांधलेली जुन्या पद्धतीची प्लगइन इनडिझाइनची आवृत्ती बदलली की नव्याने घ्यावी लागतात, हा खर्च ग्राहकाला दर सांगताना लक्षात ठेवावा.

तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी एक ओळ आम्ही वाढवली आहे: एकूण पानांना सोळाने भागून किती फर्मे (एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचे संच) होतात आणि किती पाने उरतात, ते सांगणारी. शंभर पाने स्थळांची आणि बारा पाने मनोगते व जाहिरातींची, मिळून बरोबर सात फर्मे होतात. आदल्या रात्री पाच अर्ज आले, की स्थळांची पाने एकशे दोन होतात आणि दोन पाने आठव्या फर्म्यात जातात. मर्ज संपताच हा आकडा समोर आल्यामुळे अध्यक्षांचे दोन पानांचे मनोगत गाळायचे, की तुर्भ्याच्या छापखान्याला वाढीव फर्म्याचा निरोप द्यायचा, हे संस्थेला त्याच रात्री विचारता येते.