पहिलं भाड्याचं घर, हातात मोजके पैसे: सामान घेताना या चुका टाळा

लिव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा आणि सोफ्याचे हप्ते १८ महिन्यांचे. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या आणि पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर वन बीएचके घेतलेल्या कितीतरी जणांचं गणित इथंच फिसकटतं. डिपॉझिट, ब्रोकरेज, कराराचा खर्च आणि पहिलं भाडं भरून जे उरतं, त्यात घर लावायचं असतं. घाई इतकी की पहिल्याच रविवारी सगळं घेऊन मोकळे.

भाड्याच्या घरातल्या वस्तूची किंमत बिलावर पूर्ण दिसत नाही. ती वर चढवायची हमाली, पुढच्या वर्षी ती खोलून पुन्हा जोडणाऱ्या सुताराचे पैसे आणि छोट्या हत्तीचं भाडं, हे सगळं तिच्याच खात्यात धरायचं. एवढं धरलं की दुकानातल्या निम्म्या स्वस्त गोष्टी स्वस्त राहत नाहीत.

टेप न घेता दुकानात जाणं

घराची मापं सगळे घेतात, वाटेची कुणी घेत नाही. लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची, फ्लॅटचं मुख्य दार, पॅसेजमधलं वळण आणि बेडरूमचं दार, ही मापं फोनमध्ये लिहून ठेवा. दार तीन फुटांचं म्हणतात ते चौकटीसकट; आत मोकळी जागा त्याहून दोन-चार इंच कमीच मिळते. पलंग सुटा येतो आणि आत जोडला जातो, सोफा अखंड येतो. म्हणून अडकतो तो सोफाच. अडकलाच तर आधी त्याचे पाय काढा, बहुतेकांचे स्क्रूवर असतात. मग सोफा उभा करून बघा. तरी जमेना तर दाराच्या बिजागऱ्या खोलून दारच बाजूला करा. बाल्कनीतून दोराने ओढायच्या भानगडीत मात्र पडू नका.

पलंगाचा हिशेब असा. १० बाय ११ च्या खोलीत ७२ इंच रुंद पलंग आला की दहा फुटांच्या बाजूला चार फूट उरतात. साधारण दोन फूट खोल कपाट समोर ठेवलं की उरले दोन. त्यात कपाटाचं दार उघडायलाच दीड फूट हवा. मग रोज सकाळी पलंगावर गुडघे टेकवून शर्ट काढायचा. साठ इंची पलंगात दोघं आरामात झोपतात, आणि एकटं राहणार असाल तर छत्तीस इंची पुरे. गादी घेताना पलंगाचं आतलं माप सांगा. लांबी ७२, ७५ आणि ७८ अशा तिन्ही मापांत मिळते आणि दुकानदार हाताशी असेल ती देऊन टाकतो. दोन-तीन इंचांची फट पडली तर जुनी चादर गुंडाळून भरता येते. गादी मोठी आली तर बदलून घेण्यावाचून इलाज नाही.

सोफा आधी, गादी नंतर

पाहुणे कधीतरी येणार, झोप रोज लागणार. तरी पहिला मोठा खर्च हॉलवर होतो, कारण फोटो हॉलचा काढतात. पहिल्या आठवड्यात गादी-उशी, बेडरूमचा पडदा, बादली-मग, झाडू, गॅस, कुकर, तवा आणि चार ताटं-वाट्या एवढं पुरतं. भांडी तुळशीबागेत किंवा गावाकडच्या भांड्यांच्या दुकानात वजनावर घ्या. ऑनलाइन ‘सेट’मध्ये निम्मी भांडी कधी वापरलीच जात नाहीत.

हॉलसाठी आपली बैठक आहेच: कापसाची गादी, दोन लोड, खाली सतरंजी. रात्री पाहुण्याला तीच अंथरता येते, आणि दोन वर्षांनी दबली तर गादीवाल्याकडून कापूस पिंजून घेता येतो. फोमची दबली की दबलीच. एक सांभाळा: पावसाळ्यात गादी थेट फरशीवर ठेवली तर खालून ओल धरते आणि करडे डाग पडतात. सकाळी भिंतीला उभी करा, किंवा खाली लाकडी फळ्यांची चौकट घाला. डाग पडलेच तर आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग ब्रशने झाडा. ओल्यावर घासलं की बुरशी आणखी आत जाते.

जुनं म्हणजे स्वस्त, एवढंच बघणं

बजेट वाचतं ते इथे आणि घात होतो तोही इथेच. कुठली वस्तू जुनी चालते आणि कुठली नाही, हा फरक पक्का हवा.

लोखंडी कपाट (कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला गोदरेजचंच म्हणतो), स्लॉटेड अँगलची रॅक, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सागवानी टेबल, हे सगळं बिनधास्त जुनं घ्या. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हिंडायला वेळ असेल तर सकाळी जा. त्याहून बरा मुहूर्त म्हणजे मे-जून. परीक्षा संपवून मुलं फ्लॅट सोडतात आणि टेबल, खुर्ची, बादल्या येईल त्या भावात काढतात. सोसायटीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना सांगून ठेवलं तर ॲपच्या आधी बातमी कळते.

जुनी गादी, जुना कापडी सोफा, कुकर आणि गॅसची नळी मात्र फुकट मिळाली तरी नको. गादी-सोफ्याचं कारण ढेकूण. लाकडी पलंगही घेण्याआधी टॉर्च मारून बघाच: फळ्यांचे सांधे, स्क्रूची भोकं, उशाकडच्या फळीची मागची बाजू. बॉलपेनची शाई टेकल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर भाव न विचारता परत या. लोखंडी खाटेच्या पाइपांची तोंडंही सोडू नका. ढेकूण घरात आलेच तर नुसतं गच्चीवर ऊन दाखवून भागत नाही, ते फटींत राहतात. चादरी-खोळी कडक गरम पाण्यातून काढा आणि पेस्ट कंट्रोल दोनदा करून घ्या. पहिल्या फवारणीत अंडी वाचतात, ती फुटल्यावर दुसरी लागते.

पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं) कपाट जुनं घेताना खालच्या कडा बोटाने दाबा. फरशी पुसतानाचं पाणी तिथूनच शिरतं आणि बोर्ड भिजलेल्या बिस्किटासारखा फुगतो. फुगलेला बोर्ड दुरुस्त होत नाही.

फ्रिज बघायचा तर विक्रेत्याला आधी सांगून तो चालू ठेवायला लावा आणि बर्फ धरलाय का ते पाहा. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटली तर रबर सैल आहे. रबर बदलता येतं, भाव तेवढा पाडून घ्या. फ्रिज उभाच आणा. टेम्पोत आडवा आला असेल तर घरी उभा करून काही तास तसाच ठेवा, मग प्लग लावा. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली बसायला वेळ लागतो. ‘आणल्या दिवशीच बंद पडला’ म्हणणाऱ्यांतल्या काहींनी हा वेळच दिलेला नसतो.

वस्तू न बघता ॲडव्हान्स देऊ नका. ‘लष्करात आहे, बदली झाली, सामान लगेच काढायचंय’ ही गोष्ट फसवणूक करणाऱ्यांची आवडती. आणि तुम्ही विकत असाल तर लक्षात ठेवा, पैसे *घेण्यासाठी* यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

प्लगपॉइंट आणि पाणी न बघता यंत्रं घेणं

साधा छोटा पॉइंट ६ अँपिअरचा. २३० व्होल्टला त्यावर साधारण १३८० वॉट चालतात. इंडक्शन शेगडी पूर्ण जोरात २००० वॉटपर्यंत जाते, इन्स्टंट गीझर ३००० वॉटचा असू शकतो. या दोन्हींना मोठा, १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. ओट्यावर तो नसेल आणि तुम्ही कन्व्हर्टर पिन लावून छोट्या पॉइंटवर इंडक्शन चालवत असाल तर प्लगला हात लावून बघा. गरम लागला किंवा वास आला की लगेच थांबवा. पॉइंट बदलायला घरमालकाला सांगायचं, पण नुसतं सॉकेट बदलून उपयोग नाही, मागची वायरही जाड हवी.

सोसायटीत पाइपचा गॅस असेल तर घरून आणलेल्या सिलिंडरच्या शेगडीची ज्योत मंद, मरगळलेली येते. शेगडी बिघडलेली नसते, तिचे जेट (गॅस बाहेर पडायची बारीक तोंडं) बदलावे लागतात आणि ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं. पाइपलाइन नसेल आणि कनेक्शनला वेळ असेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो.

आणि आरओ. पाणी प्यायच्या लायकीचं करायला आरओच लागतो असं विक्रेता सांगेल. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजून घ्या. ५०० च्या आत असेल, महापालिकेचं पाणी बहुधा असतंच, तर साधा यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणीचा) फिल्टर पुरतो. टँकर किंवा बोअरवर चालणाऱ्या सोसायटीची गोष्ट वेगळी.

भिंतीशी झटापट

नव्या टॉवरांत मायवान पद्धतीच्या सबंध काँक्रीटच्या भिंती असतात. त्यात साधा खिळा वाकतो आणि साधं ड्रिल नुसतं गुरगुरतं. हॅमर ड्रिलवाला बोलवा, पण आधी मालकाला व्हॉट्सॲपवर विचारा. सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात तेव्हा तो मेसेज कामी येतो. पहिल्याच दिवशी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवा. खिडकीच्या दोन भिंतींमध्ये ताणून बसणारा पडद्याचा रॉड मिळत असेल तर भोक पाडायचीच गरज नाही.

हप्ते

नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढी सूट देतो. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडेच राहते. रोखीत मिळणारी सूट जाते ती वेगळी. फर्निचर भाड्याने घेणं वर्षभरासाठी परवडू शकतं, पण किमान मुदत आणि मध्येच सोडल्यास किती कापणार, हे आधी लेखी घ्या. दोन वर्षं राहणार असाल तर महिन्याचं भाडं गुणिले चोवीस करून नव्याच्या किमतीशी ताडून बघा.

घर बदलताना पलंग खोलला की स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने लावा. पार्टिकल बोर्डचं सामान पुन्हा जोडताना भोकं सैल होतात. काडेपेटीची काडी फेव्हिकॉल लावून भोकात ठोका, वरचं टोक मोडा आणि वाळल्यावर स्क्रू पिळा. दुसऱ्या घरापर्यंत हा उपाय टिकतो. तिसऱ्या घरी जायची वेळ आली तर तो पलंग तिथेच कुणाला तरी देऊन टाका, टेम्पोत जागा अडवेल.