डाव्या कानातली खरखर: दोष ट्यूबचा नव्हता

माझ्या हेडफोन अ‍ॅम्पमध्ये (हेडफोनसाठी आवाज वाढवणारं यंत्र) दोन ईसीसी८८ व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे काचेच्या नळ्या, आहेत, एक डाव्या, एक उजव्या बाजूसाठी. डावीकडे खरखर, मधूनच आवाज बारीक. केबल बदलली, नवी ट्यूबजोडी आणली, तीही कर्कश वाटली. दोन महिने नुसता वैताग.

मग डावी-उजवी ट्यूब अदलाबदल केली. खरखर डावीकडेच राहिली, म्हणजे दोष ट्यूबचा नव्हता; संशय डाव्या सॉकेटवर, ट्यूब बसते त्या खोबणीवर. प्लग काढून तासभर थांबलो, कारण वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये घातक व्होल्टेज उरू शकतं. ट्यूबच्या नऊही पिनांवरचा काळपट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. दातांच्या फटी साफ करायचा ब्रश त्यातच भिजवून सॉकेटच्या भोकांत फिरवला, पूर्ण वाळू दिलं. ट्यूब सरळ धरून पाच-सहा वेळा आत-बाहेर केली. खरखर थांबली.

नवी जोडी पुन्हा लावली, २० मिनिटं तापू दिली, आवाज जुनीइतकाच ठेवला. कर्कशपणा नाहीच! फरक फक्त तानपुऱ्याच्या जवारीत (तारांच्या गुंजनात), तोही किंचित.