कुठली लेन्स घेऊ? आधी जुन्या लेन्सला विचारा

दर दिवाळीला, म्हणजे बोनस हातात पडला की, ओळखीतल्या तीन-चार जणांचा मेसेज ठरलेला असतो, "अरे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ आहे, आता जरा चांगली लेन्स घ्यायचीये, कुठली घेऊ?" आणि मी उलट विचारतो की फोटो काढताना तू उभा कुठे असतोस? समोरच्याला वाटतं हा टाळतोय. पण खरंच, एवढ्या वर्षांत मला जे थोडंफार कळलंय ते हेच की फोटोग्राफर मंडळींची आवडती लेन्स त्यांच्या उभं राहायच्या जागेवरून ठरते. लग्नवाला स्टेजच्या पायरीवर अडकलेला, जंगलवाला जिप्सीत बसलेला, फुलंवाला चिखलात पालथा पडलेला. तिघांची आवडती लेन्स एकच कशी असेल?

तर पहिलं काम, आणि याला एक रुपया लागत नाही. गेल्या सहा महिन्यांतले तुम्हाला स्वतःला आवडलेले शंभरेक फोटो बाजूला काढा. मूळ फाइल्स हव्यात, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या नकोत, त्यातली माहिती उडालेली असते. प्रत्येक फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये फोकल लेंग्थ लिहिलेली असते (मिलिमीटरमधला आकडा, लहान असेल तर रुंद दृश्य, मोठा असेल तर लांबचं जवळ), लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर मेटाडेटाच्या फिल्टरमध्ये सगळे आकडे एकत्रच दिसतात. कागदावर १८, २४, ३५, ५५ असे रकाने करा आणि मतमोजणीसारख्या रेघा ओढत जा. बहुतेकांचे दोन ढीग निघतात, एक १८ ला, एक ५५ ला, मधे शुकशुकाट. १८ चा ढीग मोठा म्हणजे तुम्हाला मागे सरकायला जागा पुरत नाहीये. ५५ चा मोठा म्हणजे जवळ जाता येत नाहीये, पण इथे जरा थांबा, या ढिगात दोन प्रकारचे फोटो असतात, काही चेहऱ्यांचे आणि काही लांबच्या गोष्टींचे, पक्षी, खेळाडू, समोरच्या डोंगरावरचं देऊळ वगैरे. चेहरे जास्त असतील तर प्राइम (झूम न होणारी, एकाच आकड्याची लेन्स) बघायची, लांबचं जास्त असेल तर टेलिझूम (लांबचं जवळ ओढणारी झूम). या दोन्हींत गल्लत करून लोक पैसे घालवतात. मीही घालवलेत.

मग एक रविवार चिकटपट्टीचा. झूमची रिंग ३५ वर आणून पट्टी मारून टाका आणि दिवसभर तसंच फिरा, मंडईत जा, नदीवर जा, घरातल्यांचे काढा. पहिला तासभर चिडचिड होते, नंतर पाय आपोआप पुढे-मागे व्हायला लागतात. पुढच्या रविवारी ५० च्या आसपास पट्टी. ज्या रविवारी कमी चिडलात तो आकडा तुमचा. आता हे आकडे क्रॉप सेन्सरवरचे (म्हणजे महागड्या फुल फ्रेम कॅमेऱ्यापेक्षा लहान सेन्सरवरचे) आहेत हे लक्षात ठेवा. निकॉन-सोनीच्या क्रॉप बॉडीवर दीडने गुणायचं, कॅननवर १.६ ने, म्हणजे ५० ची लेन्स तिथे फुल फ्रेमवरच्या ७५-८० सारखी दिसते आणि ३५ ची साधारण ५० सारखी.

उभं राहायची जागा म्हणजे काय ते डोळ्यांनी बघायचं असेल तर आईला खिडकीजवळ खुर्चीत बसवा. आधी १८ ला ठेवून दीड फुटावर जा आणि डोकं-खांदे फ्रेममध्ये बसवून एक फोटो काढा. मग ५५ ला ठेवून मागे सरकत आईपासून साडेचार फुटांवर या, डोकं तेवढंच मोठं दिसेल असं बघून दुसरा काढा. पहिल्यात नाक पुढे आलेलं, कान मागे पळालेले, आई म्हणणार डिलीट कर. दुसऱ्यात ती आईसारखी दिसते. लोक याचं श्रेय लेन्सला देतात, पण फरक पडला तो तुम्ही मागे गेलात म्हणून, लेन्सने फक्त मागे उभं राहूनही फ्रेम भरायची सोय केली. पोर्ट्रेटवाल्यांना ८५ नाहीतर १०५ का आवडते त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे, उरलेलं निम्मं म्हणजे मागचा ब्लर. अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला तो निकॉनच्या १०५ एफ २.५ वर (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं ते, आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). चेहरा सरळ, शांत, कुठेही ताणलेला नाही, आणि नजर थेट आपल्यावर.

५० एमएम. हिच्याबद्दल जरा जास्त बोलणार. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ आयुष्यभर लायका कॅमेऱ्यावर मुख्यतः ५० लावून फिरला, १९४८ च्या सुरुवातीला तो दिल्लीत होता, गांधीजींना हत्येच्या थोडं आधी भेटला आणि नंतर अंत्ययात्राही त्याने टिपली. माणसाच्या फार अंगावर न जाता पण त्याच्यासोबत आहोत असं वाटेल इतकं अंतर ५० ला मिळतं. आपल्याकडे मात्र ती आवडायचं मोठं कारण म्हणजे दर. कॅननने १९९० मध्ये प्लास्टिक माउंटची (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारी कडी) ५० एफ १.८ आणली तेव्हापासून "पहिली प्राइम कुठली" याचं उत्तर तीच, २०१५ ला आलेल्या एसटीएम मॉडेलला धातूचा माउंट मिळाला आणि वजन फक्त १६० ग्रॅम. आता उजेडाचा हिशोब बघा. किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली ती १८-५५, ५५ ला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. घरच्या गणपतीची आरती, लाइट बंद केलेत, फक्त निरांजन आणि समया, किट लेन्सवर शटर १/१० सेकंदावर येतं आणि टाळ्या वाजवणारी पोरं म्हणजे नुसता धूर. तीच फ्रेम ५० वर १/१०० ला मिळते, आयएसओला (सेन्सर उजेड किती टिपतो त्या आकड्याला) हात न लावता.

पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, १.८ ला उघडून जवळून चेहरा काढलात तर एक डोळा शार्प आणि दुसरा गेलेला असं होतं, म्हणून चेहऱ्याला २.२ ते २.८ वर या, आणि फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवा. दुसरं म्हणजे क्रॉप बॉडीवर ५० ही आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत लांब पडते, पाठ कपाटाला टेकते तरी दोन माणसं मावत नाहीत. घरातले, मुलांचे फोटो जास्त असतील तर ३५ घ्या. निकॉनची ३५ एफ १.८ डीएक्स २००९ पासून मिळतेय आणि क्रॉपवर माझं मत डोळे झाकून तिला. आणि निकॉनवाल्यांनो, डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतली बॉडी असेल तर बॉडीत फोकस मोटर नसते, नावात नुसतं "एएफ" आणि शेवटी "डी" असलेली जुनी लेन्स तिच्यावर हाताने फोकस करावी लागते, एएफ-एस लिहिलेलंच बघून घ्या.

लग्नवाल्यांना विचारलंत तर बरेच जण एका बॉडीवर ३५ आणि दुसऱ्यावर ८५ म्हणतील, किंवा २४-७० आणि ७०-२०० एफ २.८. कारण अंतरपाट. मंगलाष्टकं संपतात, "सावधान" होतं, अंतरपाट सरकतो आणि दोघांची नजरानजर, सगळा मिळून दोन सेकंदांचा खेळ. त्या वेळी तुमच्या मागे करवल्या, डावीकडे मामा, उजवीकडे व्हिडिओवाला, वरून अक्षता. तिथे लेन्स बदलायचा प्रश्नच नाही. ३५ वाला दोघं, भटजी आणि उडणाऱ्या अक्षता असं सगळं घेतो, तोवर ७०-२०० वाला हॉलच्या मधोमध खुर्चीवर चढून फक्त नवरीचा चेहरा उचलतो. ७०-२०० एफ २.८ दीड किलोच्या आसपास असते, संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं. घरच्या लग्नात हौसेने फोटो काढायचे असतील तर एवढ्यात पडू नका.

वारीला मी उलटं करतो. लोक वाइड (लहान आकड्याची, रुंद दृश्य घेणारी लेन्स) घेऊन गर्दीत घुसतात, छान येतात फोटो, पण दिवे घाटात वरच्या वळणावर जाऊन २०० ला खाली बघा, वळणावळणांनी चढणाऱ्या दिंड्या एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात, पताका, तुळशी, पांढऱ्या टोप्या. सह्याद्रीतही तेच. कोकणकड्यावर १० नाहीतर १४ एमएमने सगळं मावतं, पण समोरचे डोंगर टेकड्यांएवढे होतात. वाइड वापरायचीच तर पायाशी काहीतरी हवं, एखादा दगड, कारवीचं झुडूप, कड्यावर झोपून खाली बघणारा मित्र. नाहीतर पहाटे टेलि लावा आणि एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा घ्या.

जंगल आणि पक्षी. ताडोबात गाडीतून उतरता येत नाही, वाघाला जवळ ये म्हणता येत नाही, म्हणून तिथे १५०-६०० (टॅमरॉन, सिग्मा), निकॉनची २००-५००, सोनीची २००-६०० यांची चलती. दोन किलोच्या आसपास नाहीतर थोडं वर वजन, त्यामुळे रिकामी बीनबॅग घेऊन जा, मुक्कामी तांदूळ भरा, गाडीच्या दांड्यावर ठेवा. ६०० एमएमवर १/१००० च्या खाली शटर नको, लेन्स एफ ६.३ ची असते, सो पहाटे आयएसओ वाढणारच, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आणि मे महिन्यात दुपारी लांबचा वाघ मऊ, म्हणजे धूसर, आला तर लेन्सला शिव्या घालू नका, मधली तापलेली हवा थरथरत असते. भिगवणला थंडीत फ्लेमिंगोंसाठी हीच लेन्स, पण तिथे होडी हलते, मोनोपॉडचा (एका पायाच्या स्टँडचा) उपयोग शून्य, हातात धरा आणि शटर १/१६०० च्या वर ठेवा.

फुलंवाल्यांची ९०, १०० किंवा १०५ ची मॅक्रो (अगदी जवळून बारीक गोष्ट मोठी टिपणारी लेन्स). टॅमरॉनची ९० तर १९७९ पासून या मंडळींची लाडकी. कासला सप्टेंबरात सीतेची आसवं नखाएवढी असतात, ६० ची मॅक्रो लावली तर लेन्स फुलाला टेकेल इतकी जवळ न्यावी लागते आणि तुमचीच सावली फुलावर पडते, १०० ला त्याहून बरंच जास्त अंतर राहतं. वारा थांबायची वाट बघा, एफ ८ च्या आसपास ठेवा, आणि एका फुलासाठी दहा फुलांवर पोट टेकवू नका, पायवाटेच्या कडेला भरपूर असतात. मॅक्रो परवडत नसेल तर ५० च्या मागे एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावून बघा, थोड्या पैशात काम होतं.

लेन्स ठरली की लगेच विकत घेऊ नका, आधी भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. शनिवार-रविवार वापरा, तीच रेघांची मोजणी परत करा.

सेकंडहँड घ्यायची तर मोबाइलचा टॉर्च हवाच. मुंबईत बोरा बाजारात जा किंवा ओळखीतून घ्या, तपासणी तीच. दोन्ही झाकणं काढायची, ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडायचं, मागून तिरका टॉर्च मारून समोरून बघायचं. चार धुळीचे कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधाळ पडदा म्हणजे हेझ, दोन्ही सोडून द्या. ॲपर्चरच्या पात्यांवर तेलाची चकाकी असेल तर ती हळूहळू चिकटणार. मग कॅमेऱ्यावर लावून सपाट भिंतीवरच्या कॅलेंडरचा सरळ समोरून फोटो काढा, चारही कोपरे मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स बहुतेक कधीतरी पडलेली आहे, समोरचा कितीही "वन ओनर" म्हणो.

आणि आपल्याकडची दोन खास संकटं. पहिलं, गुलाल. विसर्जनाला बाहेर लांब होणारी झूम नेऊ नका, ती आतबाहेर करताना भात्यासारखी हवा ओढते आणि हवेसोबत गुलाल. प्राइम न्या, पुढे साधा फिल्टर लावा, घरी आल्यावर आधी ब्लोअर मारा आणि मगच कापड, थेट पुसलंत तर ओरखडे. दुसरं, बुरशी. माझी एक ८५ मी कोकणातल्या घरी चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवली, जून ते सप्टेंबर, गणपतीला काढली तर आत झाडाच्या मुळांसारखी नक्षी. चामडं ओल धरतं हे मला तेव्हा कळलं. आता हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर (हवेतली ओल मोजणारा), काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. तांदळात लेन्स ठेवायचा सल्ला ऐकू नका, पीठ आत जातं. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या वेगळ्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत गरम करा, खिडकी उघडी ठेवून. त्यात कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा भाकरीचा तवा घेऊ नका.