घरच्या कॉम्प्युटरसाठी अँटिव्हायरस निवडताय? या चुका टाळा

"कुठलं अँटिव्हायरस घेऊ?" नवा लॅपटॉप घरात आला की पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न येतो आणि गडबडीची सुरुवात तिथूनच होते. ब्रँड हा शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात: मशिनमध्ये आत्ता काय चालू आहे, विंडोजला अजून अपडेट येतात का, आणि फोटो-कागदपत्रांची दुसरी प्रत कुठे आहे का. हे न बघता थेट दुकान गाठणाऱ्यांच्या ठरावीक चुका खाली दिल्या आहेत.

आत काय आहे ते न बघता पैसे घालणं

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डिफेंडर हे अँटिव्हायरस मुळातच असतं. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि त्याची मुदतही संपत नाही. स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करून उघडा, डावीकडे खाली 'सेटिंग्ज'वर जा आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स' दाबा. पहारा कोण देतंय ते तिथे नावासकट दिसतं.

ज्या घरात विंडोज अपडेट आहे आणि सॉफ्टवेअर सरळ मार्गाने घेतलेलं आहे, त्या घराला डिफेंडर पुरतं, असं माझं ठाम मत आहे. फक्त त्याची तीन बटणं तपासून घ्या. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू हवं, म्हणजे एखादा प्रोग्रॅम परस्पर डिफेंडर बंद करू शकत नाही. 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मधलं 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू हवं. तिसरं 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' (रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम). हे बऱ्याचदा बंदच सापडतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समध्ये लिहिता येत नाही. जुनं अकाउंटिंग किंवा डीटीपीचं सॉफ्टवेअर यात कधीकधी अडकतं आणि फाइल सेव्ह होत नाही. तेव्हा वैतागून आख्खं बटण बंद करू नका. त्याच पानावर 'अलाऊ ॲन ॲप' आहे, तिथे तेवढं एक सॉफ्टवेअर घाला.

विकत घ्यायलाही कारणं असतात. घरात चार-पाच मशिन्स आहेत आणि सगळ्यांवर एकीकडून लक्ष ठेवायचंय, मुलांच्या वापराला वेळेची मर्यादा घालायचीय, किंवा आई-बाबा नेरूळला एकटे असतात आणि अडलं तर त्यांना फोनवर समजावून सांगणारं कुणी हवंय. या शेवटच्या कारणासाठी घेणार असाल, तर पैसे देण्याआधी कंपनीच्या सपोर्ट नंबरवर स्वतः फोन लावा. फोन किती वेळात उचलतात, आई-बाबांना समजेल अशा भाषेत बोलतात का, ते आधी कळू दे.

एकावर एक अँटिव्हायरस

नव्या लॅपटॉपसोबत कंपनीनेच कुठलं तरी ट्रायल दिलेलं असतं. दुकानदार सवलतीत दुसरा बॉक्स देतो. पुढे मुलगा नेटवरून तिसरं फुकटचं उतरवतो. मग "नवीन घेतला तरी हँग होतो" अशी तक्रार सुरू होते.

यामागचं कारण साधं आहे. अँटिव्हायरस विंडोजच्या पोटात शिरून प्रत्येक फाइल उघडताना मध्ये थांबवतं आणि तपासतं. दोघं तेच करायला लागले की एकाच फाइलची दोनदा झडती होते, कधी एक दुसऱ्यासाठी अडून बसतं, तर कधी एकाने पकडून ठेवलेला नमुना दुसऱ्याला जिवंत व्हायरस वाटतो. रॅम ४ जीबी आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर असं मशिन चालू होऊन हाताशी यायलाच दहा-पंधरा मिनिटं घेतं.

काढताना घाई करू नका. आधी ठेवायचं कुठलं ते ठरवा आणि ते डिफेंडर नसेल तर त्याची इन्स्टॉल फाइल कंपनीच्या साइटवरून उतरवून ठेवा. मग 'सेटिंग्ज', 'ॲप्स'मधून बाकीची एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी रीस्टार्ट करा. एवढ्यावर थांबू नका, कारण ड्रायव्हरचे तुकडे मागे राहतात. ते काढायला कंपन्यांचीच मोफत साधनं आहेत: मॅकॅफीचं एमसीपीआर, अवास्टचं अवास्ट क्लिअर, नॉर्टनचं रिमूव्ह अँड रीइन्स्टॉल. ते चालवून पुन्हा रीस्टार्ट करा आणि 'मॅनेज प्रोव्हायडर्स'मध्ये एकच नाव चालू दिसतंय ना, ते बघा. मुदत संपलेलं ट्रायल "पडून राहू दे, काय खातंय" म्हणून ठेवू नका. ते गेलं आणि डिफेंडर जागं झालं हे डोळ्यांनी बघेपर्यंत काम संपलेलं नाही.

दुसरं मत हवंच असेल तर मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती ठेवायला हरकत नाही. सुरुवातीचं ट्रायल संपल्यावर ती सतत पहारा देत नाही, सांगाल तेव्हाच तपासते, त्यामुळे भांडण होत नाही.

क्रॅकसाठी अँटिव्हायरस बंद करणं

या एका चुकीपुढे ब्रँडची सगळी चर्चा फिजूल ठरते. जगातलं सर्वात महाग अँटिव्हायरस घ्या. तुम्हीच ते बंद केलंत तर ते काहीही करू शकत नाही.

घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत घडतं ते असं. मुलाला प्रोजेक्टसाठी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर हवं असतं. तो नेटवरून क्रॅक, म्हणजे पैसे न देता सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्रॅम, उतरवतो. झिप फाइलमध्ये एक टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यात पहिलीच सूचना असते, "आधी अँटिव्हायरस बंद करा." तो करतो. सेटअप चालतो, पण सॉफ्टवेअर काही उघडत नाही. थोड्या वेळाने विंडोज अपडेटसारखी दिसणारी खिडकी येते आणि टक्के वाढताना दिसतात. ती खिडकी खोटी असते. तिच्यामागे फाइली कुलूपबंद होत असतात. संध्याकाळी बाबा सोसायटीच्या हिशोबाची एक्सेल उघडायला जातात, तर फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरं चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी. हे स्टॉप-डेजाव्हू कुळातलं रॅन्समवेअर. त्याच्या चिठ्ठीत बरीच वर्षं ९८० डॉलरची मागणी असायची, आणि ७२ तासांत संपर्क साधलात तर ४९०. हे कुळ मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरलं. त्याची बहुतेक शिकार घरगुती मशिन्स होती.

अशा वेळी पहिल्या तासात घाबरून जे केलं जातं, त्याने नुकसान वाढतं. वायफाय बंद करा. बॅकअपची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडलेला असेल तर लगेच काढा. 'फॉरमॅट मारून देतो' म्हणणाऱ्याला लगेच हो म्हणू नका, कारण फॉरमॅटनंतर फाइली परत मिळण्याची उरलीसुरली वाटही बंद होते. हे रॅन्समवेअर फाइलीचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतं, त्यामुळे मोठे व्हिडिओ कधीकधी दुरुस्त होतात. चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी 'टी१' असेल तर कुलूप लावणारी किल्ली ऑफलाइन आहे, म्हणजे अनेक मशिन्सना सारखीच वापरलेली. अशा फाइलींसाठी एम्सिसॉफ्ट कंपनीचं मोफत डिक्रिप्टर (कुलूप उघडणारं साधन) चालवून बघावं. आज चाललं नाही तरी बिघडलेल्या फाइली आणि चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, किल्ली पुढे सापडू शकते. ऑनलाइन किल्लीने, म्हणजे प्रत्येक मशिनच्या वेगळ्या किल्लीने, बंद झालेल्या नव्या प्रकारांवर मात्र असा उपाय नाही. "शंभर टक्के डेटा काढून देतो" म्हणणारा एक तर खोटं बोलतोय किंवा मधला दलाल होऊन खंडणीच भरणार आहे.

आणखी एक गोष्ट लोक हमखास विसरतात. याच्यासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही अनेकदा येतो. म्हणून जीमेल, बँक आणि सोशल मीडियाचे पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि ते दुसऱ्या मशिनवरून किंवा फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

याच चुकीचं एक गुपचूप रूप आहे. घरी येऊन विंडोज आणि ऑफिस 'टाकून' देणारा माणूस ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स न घेता ते चालू करून देणारा प्रोग्रॅम, चालवतो. डिफेंडर त्याला हॅकटूल म्हणून पकडतं. मग तो आख्खा सी ड्राइव्ह तपासणीतून वगळतो, काम उरकतो आणि निघून जातो. डिफेंडरचं चिन्ह हिरवंच दिसतं, पण सी ड्राइव्हकडे ते बघतच नाही. आजच तपासा: 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', सगळ्यात खाली 'एक्सक्लूजन्स'. घरगुती मशिनवर ही यादी रिकामी हवी. काही दिसलं तर काढून टाका आणि 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा. मशिन रीस्टार्ट होतं आणि विंडोज चालू होण्याआधी तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

अँटिव्हायरस आहे म्हणून विंडोजचं अपडेट टाळणं

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर (घातक प्रोग्रॅम) जगभर पसरलं आणि आपल्या उंबरठ्यावर, न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम बंद पडलं. कुठला कंटेनर कुणाचा, हेच कळेनासं झालं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. पसरायला त्याने विंडोजमधलं जे भोक वापरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. त्याच भोकातून मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर येऊन गेलं होतं, तरी असंख्य मशिन्स तशीच राहिली. शिवाय नॉटपेट्या एका मशिनच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलून दुसऱ्यात शिरायचं, त्यामुळे अपडेट केलेली मशिन्सही सापडली.

घरासाठी यातून दोन कामं निघतात. पहिलं अपडेटचं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्यांनी जादा सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत आहे. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या विंडोज १० वर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय आणि त्यावर विसंबून लोक निर्धास्त बसतात. याद्या येणं वेगळं आणि विंडोजची भोकं बुजणं वेगळं. विंडोज ७ वर नवं अँटिव्हायरस विकत घेणं म्हणजे कडी तुटलेल्या दाराला महागडं कुलूप लावणं.

दुसरं काम रोजच्या वापराच्या खात्याचं. घरातले सगळे ॲडमिन खात्यावर बसतात. मुलांसाठी आणि स्वतःच्या रोजच्या वापरासाठीही वेगळं खातं करा: 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'अदर युजर्स', 'ॲड अकाउंट'. नवं खातं आपोआप 'स्टँडर्ड' असतं. मग बहुतेक सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो. तो पासवर्ड मुलांना सांगू नका. त्या खात्यातल्या फाइली मात्र रॅन्समवेअर तरीही बिघडवू शकतं, म्हणून बॅकअप लागतोच. महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क हा बॅकअप नव्हे. अँटिव्हायरसचं बजेट असेल तर माझ्या मते ते आधी या डिस्कवर खर्च करावं.

थोडक्यात आटोपण्यासारख्या

कोपऱ्यात "तुमचं अँटिव्हायरस संपलं" असं सारखं येतंय? बहुतेक वेळा ते अँटिव्हायरस नसतं, कुठल्या तरी साइटला दिलेली परवानगी असते. क्रोममध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज', 'नोटिफिकेशन्स'मध्ये जाऊन अनोळखी साइट काढा. स्क्रीनभर भोंगा वाजवत फोन नंबर दाखवणारं पान आलं तर फोन करू नका. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर' दाबू नका.

"आज रात्री वीज तोडली जाईल" असा फोन करून एनीडेस्क (दुरून मशिन चालवू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला लावणाऱ्यापासून अँटिव्हायरस वाचवत नाही. एनीडेस्क हे वैध सॉफ्टवेअर आहे, ते त्याला का अडवेल?

झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसले तर एकावरही क्लिक करू नका. आधी ड्राइव्ह स्कॅन करा, मग 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'ला टिक करा. फोल्डर ऑप्शन्समधली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची टिक काढा. तुमच्या फाइली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात. प्रिंटसाठी पीडीएफ स्वतःला मेल करून नेणं त्याहून बरं.

रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर: टाकू नका.

फुकटचं घेताना कंपनी पैसे कशातून कमावते ते बघा. अवास्टने ग्राहकांचा ब्राउझिंगचा डेटा उपकंपनीमार्फत विकला, म्हणून अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये तिला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले.

तुलना करायची तर 'टॉप १०'च्या याद्या सोडा आणि अँटिव्हायरस तपासणाऱ्या एव्ही-टेस्ट या संस्थेचे निकाल बघा. संरक्षण, वेग आणि वापरातली सोय, प्रत्येकी ६ असे एकूण १८ गुण असतात. संरक्षणात नामवंत सगळे जवळपास सारखेच असतात, म्हणून जुन्या लॅपटॉपसाठी वेगाचे गुण बघा आणि लागोपाठच्या दोन-तीन फेऱ्यांचे बघा.

नूतनीकरणाची घाई

पहिल्या वर्षाची किंमत बघून घेतलेलं दुसऱ्या वर्षी दुप्पट दराने कार्डातून कापलं जाऊ शकतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना यावी लागते, पण तो एसएमएस कुणी वाचत नाही. घेतल्या दिवशीच कंपनीच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल बंद करा आणि मुदतीच्या आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. त्या दिवशी आधी दुकानातला आणि ऑनलाइनचा भाव विचारा. नवा बॉक्स अनेकदा रिन्यूअलपेक्षा स्वस्त पडतो. फक्त त्यातली की आहे त्याच कॉपीत चालेल का आणि उरलेले दिवस पुढे धरले जातात का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.