व्हिएतनामचे रोजचे जगणे पाहायचे असेल, तर सहल कशी निवडावी?

परदेशातील माणसे रोज कशी जगतात हे जवळून पाहण्याची इच्छा असेल, तर पैसे भरण्याआधी सहलीचे वेळापत्रक तासांच्या हिशेबाने वाचावे. इंदूरला आलेला पाहुणा दुपारी राजवाडा आणि रात्री सराफा पाहून परतला, तर सकाळी पोह्यांच्या दुकानापुढे उभ्याउभ्या रंगणाऱ्या गप्पा त्याच्या वाट्याला येत नाहीत, हे आपण जाणतोच. हीच कसोटी परदेशातील सहलीलाही लावावी. येथे उदाहरण व्हिएतनामचे घेतले आहे, कारण दिल्ली आणि मुंबईहून तेथे थेट विमाने जातात आणि ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळू लागला आहे. त्यासाठीचा अर्ज त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच करावा.

राजधानी हनोईचा दिवस पहाटे सुरू होतो. होआन किएम तळ्याकाठी उजाडण्यापूर्वीच व्यायाम करणाऱ्यांची गर्दी जमते आणि थोड्याच वेळात पदपथांवरील ठेंगण्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून लोक फोचे, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या गरम रश्शाचे, वाडगे रिकामे करू लागतात. दुपारी जेवणानंतर अनेक जण झोप काढतात. त्यामुळे ज्या सहलीत हॉटेलमधून निघण्याची वेळच सकाळी नऊची आहे, तिने दिवसाचा सर्वांत बोलका भाग आधीच गमावलेला असतो. किमान एक पहाट आणि एक पूर्ण संध्याकाळ एकाच वस्तीत पायी फिरण्यासाठी राखलेली आहे का, गटात किती माणसे असतील आणि मार्गदर्शक त्याच शहरात राहणारा आहे का, हे आयोजकाला लेखी विचारावे. तेथे परदेशी पर्यटकांसोबत काम करणाऱ्या मार्गदर्शकाकडे अधिकृत ओळखपत्र असावे लागते. ते पाहण्यात संकोच करू नये. आठ-दहा जणांहून मोठा गट जुन्या हनोईच्या अरुंद गल्ल्यांत नुसता रांगेने चालत राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. हांग मा गल्लीत पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तूंची दुकाने आहेत. तेथे दुकानदाराशी चार शब्द बोलायला मिळाले, तरच त्या खरेदीमागची श्रद्धा उमगते.

मध्य व्हिएतनाममधील होई आन हे १९९९ पासून जागतिक वारसास्थळ आहे, पण रोजचे जगणे पाहण्यासाठी शेजारच्या चा क्वे या भाजीपाल्याच्या गावात अर्धा दिवस काढणे मला अधिक मोलाचे वाटते. तेथील वाफ्यांना पाण्यातील शेवाळाचे खत घालण्याची जुनी पद्धत आहे आणि पाहुण्यांना माती उकरून रोपे लावू देतात. मात्र आपल्याकडची दिवाळीची सुट्टी गाठून निघणाऱ्यांनी जपून बेत आखावा: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या भागात मुसळधार पाऊस पडतो आणि पूरही येतात. दिवाळीत हनोई निवडावे, होई आनसाठी फेब्रुवारी ते एप्रिलचा काळ बरा. त्यातही तेत, म्हणजे तेथील चांद्र नववर्षाचे दिवस टाळावेत, कारण तेव्हा अनेक दुकाने बंद असतात.

शाकाहारी मंडळींनी आयोजकाला केवळ ‘व्हेज’ सांगून भागत नाही, कारण माशांपासून केलेला न्युओक माम हा रस पालेभाजीतही पडतो. तो नको, असे स्वतंत्रपणे सांगावे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेथील अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळतात. तेथील चांद्र पंचांग पाहून तारखा जुळवता आल्या, तर त्या दिवशी बाजारात शाकाहारी पदार्थांची रेलचेल आढळेल.

एखाद्या घरी जेवण ठरले असेल, तर पादत्राणे बाहेर काढावीत, वस्तू दोन्ही हातांनी द्यावी-घ्यावी आणि भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत, कारण त्या मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारख्या दिसतात. घरातील पूर्वजांच्या देव्हाऱ्याचे छायाचित्र यजमानांना विचारूनच घ्यावे.

फुटकळ खर्चासाठी डोंग या तेथील चलनाच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर असल्याने, विशेषतः पहाटेच्या अंधुक उजेडात, देण्यापूर्वी शून्ये मोजून घ्यावीत.