ग्रास कटर सुरू होत नसेल तर आधी प्लग बघा

कोकणात बेणणीची घाई सुरू झाली की ग्रास कटर बाहेर निघतो. सात-आठ महिने पडवीत पडून असतो, त्यामुळे दोरी ओढून खांदा भरून आला तरी दाद देत नाही. मग बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरच्या स्क्रूंना हात घालतात. तेवढं मात्र करू नका. गेल्या हंगामात मशीन नीट चालत होतं, तर ते स्क्रू तेव्हाही जागेवरच होते, आपोआप हलत नाहीत. दोष दुसरीकडे असतो. त्यात तुम्ही स्क्रू फिरवलेत की एकाचे दोन दोष होतात.

इथे दिलेलं मुख्यतः टू-स्ट्रोक मशीनसाठी आहे, पण फोर-स्ट्रोकलाही बरंचसं लागू पडतं. पातं किंवा गवत कापणाऱ्या दोरीचं डोकं हाताळायचं असेल तर आधी प्लगची टोपी काढून बाजूला करा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओता आणि दहा मिनिटं ठेवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, वर ऑइल मिसळलेलं पेट्रोल राहतं. टाकीतला फिल्टर तळाशी लोळत असल्यामुळे इंजिनला पहिल्यांदा जातं ते खालचंच. बाटलीत थर दिसला किंवा वार्निशसारखा वास आला, तर ते पेट्रोल पुन्हा वापरू नका. ताजं मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करा, टाकीत नको. मशीनवर १:२५ लिहिलं असेल तर लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, १:५० असेल तर २० मिली. अंदाजाने झाकणं मोजू नका. जास्त ऑइलने प्लग काळा होतो, कमी ऑइलने पिस्टन चिकटतो. केलेलं मिश्रण महिन्याभरात संपवा. फोर-स्ट्रोक मशीनमध्ये नुसतं पेट्रोल जातं, ऑइलची जागा वेगळी असते.

आता स्विच चालू, चोक बंद (म्हणजे हवेची वाट झाकलेली) करून पेट्रोल ओढणारा मऊ बल्ब सात-आठ वेळा दाबा आणि दोरी तेवढ्याच वेळा ओढा. नाहीच झालं तर प्लग काढून त्याचं टोक बोटाने चाचपा. पुढचा सगळा तपास याच एका गोष्टीवर ठरतो.

प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचतंय, पण जळत नाही. चोक उघडा, प्लग बाहेर ठेवूनच दहा-बारा वेळा दोरी ओढा, म्हणजे साठलेलं पेट्रोल बाहेर पडेल. प्लग पुसा, ब्रशने काजळी काढा, टोकांमधली गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. मग ठिणगी तपासा. टाकीचं झाकण घट्ट लावा, आजूबाजूला सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांना टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब) आणि दोरी ओढा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळट, अशक्त असेल तर नवा प्लग घाला.

नव्या प्लगलाही ठिणगी नसेल तर कॉइलवरची (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) स्विचची बारीक वायर सुटी करा. आता ठिणगी आली, म्हणजे स्विच किंवा वायर शॉर्ट आहे. ही वायर अॅक्सिलरेटरच्या केबलबरोबर हँडलपर्यंत जाते, तिथे ती घासते किंवा उंदीर कुरतडतात. वायर दुरुस्त केल्याशिवाय मशीन वापरू नका, कारण ऐनवेळी बंद करता येणार नाही. वायर सुटी करूनही ठिणगी नसेल तर फ्लायव्हीलच्या (इंजिनबरोबर फिरणारं चाक) चुंबकावरचा गंज पॉलिश पेपरने काढा. कॉइल आणि चुंबकामध्ये साधारण ०.३ मिमी फट लागते. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल आवळली की काम होतं. इतक्यावरही काही नाही, तर कॉइल गेली.

प्लग कोरडा असेल तर भोकातून अर्धा चमचा मिश्रण सोडा, प्लग लावा आणि दोरी ओढा. दोन-चार फटके देऊन बंद पडलं, तर इंजिन आणि ठिणगी ठीक आहे, पेट्रोलची वाट अडली आहे. बल्ब दाबल्यावर पिचकलेलाच राहिला तर टाकीतला फिल्टर किंवा नळी तुंबली आहे. तारेच्या आकड्याने फिल्टर बाहेर ओढा आणि बदला. बल्बमध्ये नुसतेच बुडबुडे येत राहिले तर नळीला किंवा बल्बलाच चीर आहे. नळी टाकीत शिरते तिथे वाकवून बघा, चीर लगेच दिसते.

हे सगळं ठीक असेल तरच कार्बोरेटर उघडा. आतला पातळ पडदा मऊ, लवचिक हवा. जुना झाला की कडक होतो आणि बोटाने दाबल्यावर कागदासारखा कुरकुरतो. असा पडदा पेट्रोल ओढू शकत नाही. नव्या पडद्यांचं किट आणा, पण जुने पडदे आणि गॅस्केट काढताना प्रत्येक थराचा मोबाइलवर फोटो घ्या. क्रम उलटा लागला तर सगळी मेहनत वाया जाते. बारीक भोकांत तार घालू नका, कार्ब क्लीनर मारा.

सुरू होतं पण दोन-पाच मिनिटांत बंद पडतं? टाकीचं झाकण किंचित सैल करा. लगेच नीट चाललं तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. ताकदच येत नसेल तर एअर फिल्टर धुऊन पूर्ण वाळवा. त्याने फरक पडला नाही तर सायलेन्सरची जाळी काढा, काजळीने ती चक्क भिंतीसारखी बंद होते. सायलेन्सर उतरवला आहेच, तर तिथल्या छिद्रातून पिस्टनवर टॉर्च मारा. उभे ओरखडे दिसले आणि दोरी ओढताना हाताला दाबच लागत नसेल, तर पिस्टन-रिंगचं काम आहे. ते मेकॅनिककडेच द्या.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. गार झाल्यावर प्लगच्या भोकात चमचाभर टू-टी ऑइल सोडा, दोरी दोनदा सावकाश ओढा, प्लग लावा आणि मशीन कोरड्या जागी टांगून ठेवा.